पान कितवं?

काकूंना कुणी सांगितलं की यंदा लखनौत उन्हाळा भारीच पडलाय, तर त्या चष्म्याच्या वरून बघत विचारायच्या, “पान कितवं?” भाजीवाला म्हणाला, मटार आत्ताच शेतातून आलाय, तर त्यालाही, “पन्ना नंबर?” विकास नगरच्या बाजारातले भाजीवाले आधी चक्रावायचे, मग सरावले. त्यांतला एक तर मनानेच आकडा ठोकून द्यायचा, “बयालीस, मैडम!” काकू एवढ्या खूश व्हायच्या की पाव किलोच्या जागी दोन किलो घेऊन यायच्या, आणि मग काका बिचारे संध्याकाळभर मटार सोलत बसायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. “तोंडाला येईल ते बोलायला काय लागते? कुठं लिहिलंय ते दाखवा, मग बोलू.” जे लिहिलेलं नव्हतं त्यालाही त्या हाच प्रश्न विचारायच्या, ही त्यातली गंमत. मंडळाच्या गणपतीत कुणी ठामपणे म्हणालं की मोदक उकडीचेच हवेत, तर काकू आरतीचं तबक हातात धरून विचारणार, पान कितवं. लखनौतल्या आम्हा मराठी मंडळींत हा प्रश्न इतका रुळला होता की लहान मुलंसुद्धा ‘अंघोळ कर’ म्हटल्यावर पान विचारायची आणि पाठीत धपाटा खायची.

काकू आमच्या शाळेत अकरावी-बारावीला हिंदी शिकवायच्या. अकोल्याच्या बाईने लखनौच्या मुलांना हिंदी शिकवायची म्हणजे धाडसच. इथला रिक्षावालासुद्धा असं गोड बोलतो की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. पण काकू बिनधास्त होत्या. त्यांच्या हिंदीला वऱ्हाडी वळण होतं ते होतंच, त्यांनी ते कधी लपवलं नाही. वर्ग पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी जरा कमी हसला, आणि महिनाभरात ‘काहून?’ हा शब्द अख्ख्या अकरावीच्या तोंडी बसला.

माझी पंचाईत वेगळी होती. शाळेच्या फाटकाच्या आत त्या मॅडम आणि बाहेर काकू. आत हिंदीत बोलायचं, बाहेर त्या मराठीत बोलायच्या. त्या नेमक्या फाटकातच भेटल्या तर मी नुसतीच मान हलवायचे. बाहेर त्या मराठीत बोलायच्या असं म्हणते, कारण मी नव्हते बोलत. लखनौत जन्मलेल्या आम्हा मुलांचं सगळ्यांचंच असं होतं. घरात आई-बाबा मराठीत विचारणार, आम्हाला समजणार सगळं, आणि उत्तर जाणार हिंदीत. आई म्हणायची, “अगं, ताट घे.” मी म्हणायचे, “आ रही हूँ, मम्मी, एक मिनट.” आईला मी मम्मीच म्हणायचे. तिला ते आवडत नसे, पण कराडहून इतक्या लांब येऊन बँकेत नोकरी, घर आणि मी असं सगळं सांभाळताना तिने या एका गोष्टीवर पाणी सोडलं होतं.

काकूंना भाव करता यायचा नाही. म्हणजे त्या सुरुवात अगदी झोकात करायच्या. अमीनाबादला जायला सायकलरिक्षा थांबवली की त्या चालकाला म्हणायच्या, “देखिए भैया, पहले आपकी तरफ़ से बोलती हूँ। धूप तेज़ है। रास्ते में भीड़ है। हम दो जने हैं, ऊपर से थैला। सही है?” तो म्हणायचा, “जी, और घुटने में दर्द भी है।” “हाँ, घुटना रह गया था,” असं म्हणून काकू गुडघाही त्यात घालायच्या. एवढं सगळं ऐकल्यावर त्यांना स्वतःलाच त्याचा भाव कमी वाटायला लागायचा आणि त्या मुकाट्याने बसायच्या. एकदा तर त्या चढावर उतरून चालत आल्या आणि रिक्षा शेजारून चालली होती. मी आत बसले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्याची बाजू आधी मांडायची, हा त्यांचा नेम होता. काका रेल्वेत इंजिनियर, फार कमी बोलणारे. एकदा ते माझ्या बाबांना सांगत होते, “आमच्या घरात भांडण झालं की माझी बाजूही हीच मांडते, आणि माझ्यापेक्षा बरी मांडते. मग मी पेपर वाचतो.”

शाळेत हा नेम कडक होता. काकू शाळेची चार पानी मासिक पत्रिका चालवायच्या आणि तिचं संपादकीय विद्यार्थ्यांनीच लिहायचं असा रिवाज होता. कुठल्याही वादाच्या विषयावर लिहायचं तर पहिलं काम असं, की जो तुमच्या विरुद्ध आहे त्याच्याकडे जायचं. त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत लिहायचं, जमलं तर त्याच्यापेक्षा बरं लिहायचं, आणि त्याला वाचून दाखवायचं. ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हणून त्याने खाली सही केली, की मग आपली बाजू लिहायला बसायचं. सही नाही तर संपादकीय नाही. दहावीतल्या दोन मुली कॅन्टीनच्या समोशांविरुद्ध पेटून उठल्या होत्या. त्या हलवाईभैयाची सही आणायला गेल्या, तासाभराने परत आल्या, आणि म्हणाल्या की आम्हाला आता समोशांबद्दल काहीही म्हणायचं नाही. सही मात्र आणली होती, तेलाच्या बोटासकट.

आणखी एक खूळ होतं. पुस्तकाचं पान दुमडलेलं त्यांना खपत नसे. आमची पत्रिका अमीनाबादच्या एका लग्नपत्रिकांच्या छापखान्यात छापली जायची. तिथले चाचा चुकलेल्या पत्रिका काकूंसाठी बाजूला ठेवायचे. काकू त्यांच्या पट्ट्या कापून लखनवी चिकनच्या भरतकामाच्या एका पिशवीत घेऊन फिरायच्या आणि जो दिसेल त्याच्या पुस्तकात खूण म्हणून घालायच्या. माझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात अजून कुठेकुठे सोनेरी गणपतीची सोंड निघते, कुठे नुसतं ‘दर्शनाभिलाषी’.

आता त्या कादंबरीचं सांगते.

अकरावीला काकूंनी वाचायला एक हिंदी कादंबरी लावली होती. नाव सांगत नाही, गोष्ट सांगते. छोट्या गावातली एक मुलगी, सतरा वर्षांची, घरी न सांगता दुसऱ्या शहरात नर्सिंग शिकायला निघून जाते. तिला गाडीत बसवून द्यायला वर्गातला एक मुलगा स्टेशनवर येतो आणि गाडी सुटताना तिचा हात हातात घेऊन तिच्या कपाळावर ओठ टेकवतो. हे पान एकशे तेरावर. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, आणि दोन दिवसांत आमच्या शाळेत जणू दुसरं काही शिकवतच नाहीत असं वातावरण झालं. मुलींना घरातून पळून जायला शिकवताय का, असा एक अर्ज तयार झाला. त्यावर बऱ्याच सह्या होत्या. पहिली सही माझ्या आईची होती.

प्रिन्सिपल सर भले गृहस्थ, पण त्यांना आरडाओरडा सोसत नसे. त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पालकांची सभा ठेवली आणि काकूंना आधीच सांगून टाकलं की सभेचं मत विरुद्ध पडलं तर कादंबरी जाईल, आणि मग अकरावीचा वर्गही दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. काकूंच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. “सहावीला व्याकरण शिकवीन की,” त्या आम्हाला म्हणाल्या. “तेही गोडच असते.” पण त्या दिवशी त्यांनी कुणाला पान विचारलं नाही. ते माझ्या लक्षात आलं आणि मला रडूच फुटलं.

त्या महिन्याचं संपादकीय माझ्याकडे होतं. मी एका बैठकीत लिहून काढलं. काय त्वेषाने लिहिलं होतं! संकुचित काय, बुरसटलेले काय, ‘सब जानते हैं’ काय. काकूंनी स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचलं. त्या दिवसांत त्या फाटकाच्या आतही माझ्याशी मराठीतच बोलायच्या.

“अक्षर सुंदर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “हे ‘सब’ म्हणजे कोण?”

“सब मतलब... सब, मैडम।”

“त्यांची हजेरी घेऊन ये.”

मी खरंच वर्गात उभी राहून हजेरी घेतली. कादंबरी पूर्ण कुणी वाचलीय? हात वर आले ते माझ्या एका हाताच्या बोटांत मावले. बाकीच्यांनी एकशे तेरा मात्र वाचलं होतं, काहींनी तर चांगलं दोनतीनदा. मी पडलेल्या चेहऱ्याने परत आले. काकू अजून माझाच कागद बघत होत्या.

“इथं तू लिहितेस की शेवटी नायिका पश्चात्ताप करून घरी येते आणि आईची माफी मागते. पान कितवं?”

मीही नव्वदच्या पुढे वाचलंच नव्हतं. परीक्षेला लागेल तेवढं गाइडमध्ये होतं आणि बाकीचं एका मैत्रिणीने रिक्षात सांगितलं होतं.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागल्या. “बाप्पा! तिकडचे एका पानावरून भांडून राहिले आणि इकडची नव्वद पानांवरून!” मग डोळे पुसून म्हणाल्या, “आधी पूर्ण वाचून काढ. आणि मग सही घेऊन ये.”

“किसकी?”

“अर्जावर पहिली कोणाची आहे?”

मी कागद दप्तरात कोंबला आणि घरची वाट धरली.

आईने कादंबरी वाचली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, “वेळ कुठे असतो? फोटो बघितला ना मी.” आता इथे एक डबा मध्ये येतो. काकूंचं आणि आमचं घर एकाच कॉलनीत, दोन सेक्टरच्या अंतरावर. दोन्ही घरांत एक स्टीलचा डबा वर्षानुवर्षं फिरत होता आणि तो कधी रिकामा परत जात नसे. अर्जावर सही केल्यावरसुद्धा आईने त्यात साबुदाणे वडे घालून माझ्याच हाती काकूंकडे पाठवले होते. “भांडण पुस्तकाशी आहे, वहिनींशी नाही,” ती म्हणाली. तो डबा काकूंकडून परत आला तेव्हा पिशवी जरा जड लागली. डब्यात शंकरपाळे होते आणि डब्याखाली कादंबरी. चिठ्ठी नाही, निरोप नाही, पहिल्याच पानाशी लग्नपत्रिकेची एक पट्टी.

आईने दोन दिवस त्या पिशवीकडे बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी शंकरपाळे संपले आणि पुस्तकही पिशवीत नव्हतं. ती मेट्रोत वाचत होती, जेवणाच्या सुटीत वाचत होती, कुकरच्या शिट्ट्या मोजताना वाचत होती आणि शिट्ट्यांचा हिशोब चुकवत होती. वरण दोनदा करपलं. मी रात्री ताटावर बसले की पट्टी कुठवर गेलीय ते चोरून बघायचे. ती माझ्या पुढे गेली होती.

रविवारी मी वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि वार्ताहरासारखा आवाज काढून विचारलं, “तो मम्मी, आपकी आपत्ति क्या है?”

आई बोलायला लागली. मी भराभर हिंदीत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं.

“असं मी म्हटलंच नाही,” आई म्हणाली.

मी पुन्हा लिहिलं. ती पुन्हा म्हणाली, “हे माझं नाही गं. हे तुमच्या कुठल्या तरी मॅडम बोलल्यासारखं वाटतंय.” तिसऱ्या वेळी मी वही आपटली आणि तडक काकूंच्या घरी गेले. काका दार उघडून निमूटपणे पेपरमागे गेले.

“वो साइन ही नहीं कर रहीं, काकू!”

“तुझी आई बोलते कोणत्या भाषेत?”

“मराठी में।”

“मग तू हिंदीत काहून लिहून राहिली?”

“मुझे मराठी लिखनी नहीं आती।”

“अक्षरं तर तीच आहेत,” काकू म्हणाल्या. “ऐकू येते ना? मग जसं ऐकू येते तसं लिही. चुकलं तर ती सांगेल.”

मी घरी आले आणि आईसमोर बसून मराठीत लिहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. आई एक वाक्य बोलायची आणि थांबायची, मी ते मनात घोळवून कागदावर उतरवायचे. ती वाकून बघायची, पेन्सिलने दुरुस्त करायची आणि बँकेतल्या सवयीने प्रत्येक खाडाखोडीशेजारी छोटी सही ठोकायची. पहिलं पान पुरं झालं तेव्हा त्यावर माझ्या शब्दांपेक्षा तिच्या सह्याच जास्त होत्या. आम्ही दोघी हसायला लागलो. आणि मग हसता हसता आईने जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून आधी कधीच ऐकलं नव्हतं. बँकेची परीक्षा पास झाल्यावर कराड सोडून इतक्या लांब यायचं तिने घरी न विचारता परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्या आईने डबा भरून दिला, बाकी एक शब्द बोलली नाही. “गाडी सुटल्यावर ती घरी जाऊन काय करत होती, मला माहीत नाही,” आई म्हणाली. “मी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.”

मी ते लिहू का, असं विचारलं. “लिही,” ती म्हणाली.

शेवटी जे पान झालं ते असं होतं. मी पाठ सांगू शकते.

‘माझा आक्षेप एकशे तेराव्या पानावर नाही. तो मुलगा चांगला आहे, त्याने तिची बॅगसुद्धा उचलली. माझा आक्षेप असा की दोनशे दहा पानांच्या पुस्तकात आईला तीन वाक्यं दिलीत. पान बारा, जेवलीस का. पान एकशे नऊ, दार ओढून घे. पान दोनशे दहा, आलीस. मुलगी परत येते तेव्हा माफी मागत नाही, ते ठीक आहे, तिने चूक केली असं मला वाटत नाही. मीही अशीच आले. पण ती गेल्यावर आईने काय केलं? लेखकाने बघितलं नाही. मुलीने विचारलं नाही. असं पुस्तक वाचून मुलांना वाटेल की आई म्हणजे दार उघडायला ठेवलेलं माणूस. म्हणून हे पुस्तक वर्गात नको.’

आईने ते दोनदा वाचलं. मग खाली पूर्ण सही केली, नावासकट, तारखेसकट.

काकूंनी ते पान वाचलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, परत लावला, कादंबरी उघडून बारावं पान बघितलं, मग एकशे नऊ, मग शेवटचं. तेहतीस वर्षं शिकवत होत्या त्या. “मला हे दिसलं नाही बाप्पा,” त्या हळूच म्हणाल्या. “मी दहा वेळा वाचली असेल, मला हे दिसलंच नाही.” आणि मग त्यांना इतका आनंद झाला की स्टाफरूममधल्या भूगोलाच्या सरांना, शिपायाला आणि पाणी भरायला आलेल्या बाईंना त्यांनी ते पान हिंदीत भाषांतर करून ऐकवलं. त्यांचं पुस्तक बंद करायला निघालेलं पान, आणि त्या पेढे वाटायच्या तेवढ्या बाकी होत्या.

मला मात्र आता लिहिता येईना. आईचं बरोबर होतं. मी म्हटलं, काकू, आता मी काय लिहू, मी तर तिकडची झाले. “छान झालं,” त्या म्हणाल्या. “आता जे लिहिशील ते खरं लिहिशील. आणि सगळ्यांकडे जाऊन ये.” मग मी चार दिवस चपला झिजवल्या. जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, ग्रंथालयातलं रजिस्टर चाळलं, अर्जावर सह्या करणाऱ्या सहाजणांच्या घरी गेले. सगळीकडे चहा मिळाला. कुणीही एकशे तेराच्या मागचं किंवा पुढचं वाचलं नव्हतं. मी प्रत्येक ओळीशेजारी कुणी सांगितलं आणि कुठे लिहिलंय ते टिपलं. शुक्रवारी सकाळी संपादकीय झालं. त्यात एकच मुद्दा होता. या पुस्तकात एक मोठी उणीव आहे, ती एका आईला सापडली, आणि ती सापडली कारण तिने पुस्तक वाचलं. पुस्तक काढून टाकलं तर ही उणीव पुढच्या कुणालाच सापडणार नाही. म्हणून ते वर्गात राहू द्या, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन आईला विचारावं आणि कादंबरीतल्या आईचं राहिलेलं प्रकरण लिहावं.

छापखान्यात काकूंनी हट्ट धरला की पहिल्या पानावर आईचं म्हणणं मराठीतच छापायचं, खाली हिंदी, आणि माझं संपादकीय आतल्या पानावर. चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “मैडम, ये ‘ळ’ हमारे यहाँ किसी दूल्हे के नाम में नहीं आया आज तक।” काकूंनी स्वतः कॉम्प्युटरसमोर बसून तो शोधून काढला.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं होतं. प्रत्येक खुर्चीवर पत्रिका ठेवली होती, पण लोक वारा घालायला वापरत होते. पहिला अर्धा तास नुसता गलका झाला. एक काका तर फोन उंच धरून तो फोटोच सगळ्यांना दाखवत होते. प्रिन्सिपल सरांनी काकूंना बोलायला सांगितलं. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मुझे जो कहना था, मेरे विरोध में जो हैं, वो मुझसे अच्छा लिख चुकी हैं। पहला पन्ना।” आणि खाली बसल्या. सर म्हणाले, ठीक आहे, मग हात वर करून मत घेऊ.

“एक मिनट,” आई उठली.

माझी आई चारचौघांत बोलणारी नाही. मंडळात तिला साधं आभारप्रदर्शन सांगितलं तरी तिला ताप येतो. तिच्या हातात कादंबरी होती आणि तीतून चारपाच सोनेरी पट्ट्या बाहेर आल्या होत्या.

“अर्ज़ी पर पहला नाम मेरा है,” ती म्हणाली. “मैंने बिना पढ़े साइन किया था। बैंक में ऐसा करूँ तो नौकरी जाए। अब पूरी पढ़ी है। मुझे इस किताब पर बहुत ग़ुस्सा है। एक सौ तेरह पर नहीं, और जगह पर। पर मेरा झगड़ा अभी ख़त्म नहीं हुआ। आप किताब हटा देंगे तो मैं लड़ूँगी किससे?”

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, पण चांगलं हसले. फोनवाले काका म्हणाले, “भाभीजी, और जगह मतलब?” आणि काकू बसल्या जागेवरून, न राहवून, खणखणीत आवाजात ओरडल्या, “पन्ना नंबर बताइए इनको!”

आईने सांगितले. बारा, एकशे नऊ, दोनशे दहा. वारा घालणारे हात थांबले आणि पत्रिका उघडल्या गेल्या. मी बघत होते, बायका वाचत होत्या आणि आपापल्या मुलांकडे बघत होत्या. एक आजी शेजारणीकडून वाचून घेत होत्या. मग सरांनी मत घेतलं. विरुद्ध हात वर आले, नाही असं नाही, पण फोनवाल्या काकांचा हात त्यांत नव्हता. कादंबरी राहिली. अकरावीचा वर्गही काकूंकडे राहिला. आई टेबलाशी गेली, अर्जावरचं आपलं नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि शेजारी छोटी सही केली.

काकू आता निवृत्त आहेत, पण त्या शाळेत अकरावीला ती कादंबरी अजून वाचतात. तिच्यात आईचं ते पान घडी घालून ठेवलेलं असतं. माझं संपादकीय कुणाला आठवत नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

सभेनंतर आम्ही तिघी हजरतगंजमधून एका ऑटोत बसलो. काकू मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. काकू आधी ऑटोवाल्याची बाजू मांडून भावात हरल्याच होत्या. आई कडेला बसून पत्रिकेच्या घड्या घालत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, आनंदाने की उन्हाने, सांगता येईना.

“वहिनी, तुमच्यापायी एक मात्र झालं,” ती काकूंना म्हणाली. “सोळा वर्षांत पहिल्यांदा ही पोर माझ्याशी धड बोलली.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पान कितवं, आई?”

मराठीत. आणि मम्मी नाही, आई. माझं मलाच नवल वाटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

“पहिलं,” ती म्हणाली.

काकूंनी चिकनच्या पिशवीत हात घालून लग्नपत्रिकेची एक पट्टी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “खूण घालून ठेव तिथं.”